बावीस मिनिटं

“किती वाजले, दादा?” शेजारून कुणीतरी विचारलं आणि मी सवयीने मनगट वर केलं. घड्याळ चालू होतं, काटे दिसत होते, सेकंदाचा काटा तर नको तितक्या उत्साहाने पळत होता. पण मला वेळ सांगता येईना. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पालघरच्या एस.टी. स्टँडवर, शनिवारी दुपारी, चाळिशी उलटलेला, शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस साधी वेळ सांगू शकत नाही, असं ते दृश्य होतं. विचारणारा जरा थांबला. मग त्याने मान वळवली, माझ्याकडे नव्हे, माझ्या थोडी डावीकडे, आणि पुन्हा विचारलं, “वाजले किती?” त्याच्या डोळ्यांवर इस्पितळातला हिरवा कपडा होता, नाडीने डोक्यामागे बांधलेला. कपड्याच्या खाली गालाची कातडी नवी आलेली, गुलाबी. पलीकडे रिकामी पाटी घेऊन बसलेल्या कोळणीने माझ्याकडे एकदा पाहिलं, हा बहिरा असावा असा निकाल दिला, आणि स्टँडच्या घड्याळाकडे बघून ती म्हणाली, “पावनेचार व्हायला आलं, बाबा.” “हां,” तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. तो झिपरू होता. आमच्या कारखान्यातला, तीन नंबरच्या भट्टीवरचा झिपरू. मी उठून जायला हवं होतं. माझ्या मांडीवरच्या रेक्झिनच्या पिशवीत त्याच्याविषयीचा अकरा पानांचा कागद होता.

मला उठता आलं नाही, कारण उठून कुठे जायचं हा प्रश्न मी सकाळपासून सोडवत होतो. स्टँडसमोरच, रस्त्यापलीकडे, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर राऊत वकिलांचं ऑफिस आहे. ते कामगारांचे खटले चालवतात. त्यांच्या जिन्यापर्यंत मी तीनदा गेलो होतो. पहिल्यांदा पाच पायऱ्या चढलो. दुसऱ्यांदा दुकानदाराने विचारलं, “कुणाला भेटायचंय?” तर मी स्टीलचा डबा विकत घेतला. हसू नका, खरंच घेतला, तोही पिशवीत होता. तिसऱ्यांदा जिन्याला हात लावून परत आलो आणि या बाकावर येऊन बसलो, आणि बसताना शेजारी कोण आहे ते पाहिलंही नाही. माणसं न पाहण्यात मी पटाईत आहे. मी नरहरी सावे, मूळचा चिंचणीचा, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे मी, दोन ऑपरेटर आणि काचेच्या थंड खोलीत ठेवलेलं कपाटांएवढं एक यंत्र. उन्हाळ्यात अख्ख्या कारखान्यात घाम न येणारे आम्ही तिघेच.

ते यंत्र परदेशात कुणीतरी वापरून टाकून दिलेलं होतं. आमच्याकडे आलं तेव्हा त्याला हार घालून नारळ फोडला होता. त्याची खुबी अशी, की ते एक असून पाच असल्याचं भासवायचं. पगाराचा विभाग, भांडार, विक्री, प्रयोगशाळा, प्रत्येकाला आपल्या पडद्यासमोर बसल्यावर वाटायचं की अख्खं यंत्र आपल्या एकट्याचं आहे. आत प्रत्येकासाठी एक खोटं यंत्र उभं केलेलं असायचं. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो आणि मूळ यंत्राला यजमान. आमच्या मॅनेजरसाहेबांना, दळवींना, हे समजावताना मी चिंचणीच्या आमच्या घराचा दाखला दिला होता. घरात पाट चार आणि जेवणारी माणसं बारा. सगळ्यांना एकदम बसवायचं कसं? तर जो सध्या जेवत नाहीये, नुसता बसलाय, त्याला हळूच उठवून पडवीत पाठवायचं आणि त्याच्या जागी भुकेल्याला बसवायचं. यंत्राची मेमरी म्हणजे ते चार पाट. पडवी म्हणजे डिस्क, तिथे जागा भरपूर, पण तिथून परत आत यायला वेळ लागतो. ही उठबस इतक्या झपाट्याने चालायची, की उठवलेल्यालाही कळायचं नाही आपण उठलो होतो म्हणून. त्याला वाटायचं, मी तर सलग जेवतोय. दळवी खूश झाले होते. “सावे, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं,” म्हणाले. एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, कारण दाखल्यात ती बसत नव्हती. बारा जणांनी एकदम आरडाओरडा केला, की यजमान सगळ्यांना नुसता उठवत आणि बसवत राहतो. घास कुणाच्याच तोंडात जात नाही. यंत्र घामाघूम आणि काम शून्य. दुसरीही एक गोष्ट होती. कुणाला उठवायचं हे यजमान कसं ठरवतो? जो बराच वेळ गप्प आहे त्याला. ज्याने काही मागितलं नाही त्याला.

आमच्या घरात ती मंगला होती, माझी मोठी बहीण. खरंच बारा माणसं आणि चार पाट होते, मी दाखला काही मनाने रचला नव्हता. कुणी आलं की मंगला उठायची. अर्ध्या पानावरून उठायची, आणि तिला पुन्हा वाढायचं राहिलं हे आईला संध्याकाळी आठवायचं. आई हळहळायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी अकरा वर्षांचा असताना मंगला तापाने गेली. तिचा चेहरा मला आठवतो, हात आठवतात, चिकू झेलायला पसरलेली ओढणी आठवते. आवाज आठवत नाही. कितीही प्रयत्न केला तरी नाही. तो कधी साठवलाच गेला नाही की कुठल्या पडवीत जाऊन पडलाय, देव जाणे. त्या बाकावर बसल्या बसल्या मी तेच करत होतो, मंगलाचा आवाज शोधत होतो, आणि शेजारी झिपरू जोरात नाकाने श्वास घेत होता.

पाचवा पाहुणा मी स्वतः आणून बसवला. त्याआधी भट्ट्यांच्या तापमानावर लक्ष ठेवायला एक वेगळं छोटं यंत्र होतं, शेडमध्येच, टेबलाएवढं. भट्टी तापली की ते बेल वाजवायचं आणि वेळेसकट एक ओळ छापायचं. ते मोडलं, सुटे भाग मिळेनात, आणि नवं घ्यायला वरून नकार आला. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, “त्याचा प्रोग्रॅम जशाच्या तसा मोठ्या यंत्रात चालवतो, साहेब. त्याला कळणारही नाही आपण हललो म्हणून.” तीन आठवडे घरी वेळेवर जेवलो नाही. चाललं. बेल वाजली, ओळ छापली, दळवींनी माझा हात हातात घेऊन हलवला, आणि भट्ट्यांवरची काट्यांची जुनी मापं काढून टाकण्यात आली. आता कॉम्प्युटर होता ना! माझ्या आयुष्यात मी जी एकच गोष्ट अक्कलहुशारीने केली ती ही. त्यात एक बारीक खोट होती. तो जुना प्रोग्रॅम वेळ स्वतः मोजायचा, एक एक टिक मोजत. छोट्या यंत्रात तो अखंड जागा असायचा, म्हणून मोजणी बरोबर यायची. मोठ्यात आल्यावर त्याला वारंवार पडवीत जावं लागायचं, आणि तिथे असेपर्यंत त्याची मोजणी थांबायची. परत आला की तो मागच्या टिकपासून पुढे मोजायला लागायचा. मधली मिनिटं त्याच्या हिशेबी झालीच नव्हती. आठवड्यात तीन-चार मिनिटं मागे पडायचा बिचारा. दुरुस्ती मोठी होती, म्हणून मी एक पद्धत घालून दिली. दर सोमवारी सकाळी आठला ऑपरेटरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाचव्या पाहुण्याचं घड्याळ लावायचं. आम्ही त्याला सोमवारची चावी म्हणायचो. सोमवारी त्याचं घड्याळ अगदी खरं बोलायचं, शुक्रवारपर्यंत जरा खोटं. कुणाचं काही अडत नव्हतं. भट्टी तीन मिनिटांत बिघडत नाही.

तो गुरुवार होता. मुंबईहून संचालक मंडळी येणार होती आणि त्यांना नव्या रंगीत पडद्यावर विक्रीचे आलेख दाखवायचे होते. आलेख म्हणजे मेमरीचा राक्षस. आदल्या दिवशीच्या तालमीत चित्र अर्ध्यावर अडकलं तेव्हा दळवी म्हणाले, “सावे, उद्या असं झालं तर मी तुम्हाला ओळखत नाही.” ते हसत म्हणाले, मीही हसलो. गुरुवारी एक अडतीसला मी यजमानाला हुकूम दिला की विक्रीच्या पाहुण्याला उठवायचं नाही. चारांपैकी तीन पाट त्याला कायमचे. आम्ही त्याला लॉक म्हणतो. उरलेल्या एका पाटावर बाकीचे चौघे. आलेख असा सुरेख उमटला, लाल, हिरवा, पिवळा, की एका म्हाताऱ्या संचालकांनी पडद्याला बोट लावून पाहिलं. त्यांच्या बोटाचा ठसा काचेवर राहिला. आणि मला मागच्या खोलीतून डिस्कचा आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. कपाट थरथरत होतं, दिवा लुकलुकत नव्हता, नुसता पेटून राहिला होता. उठबस चालली होती, बाहेर हाणामारी चालली होती पाटासाठी. पगारवाल्यांचा फोन आला, “सावेसाहेब, पडदा हलत नाही.” मी म्हणालो, “पाच मिनिटं.” भांडारवाल्यांचा आला. “पाच मिनिटं.” पाचव्या पाहुण्याचा फोन येणार नव्हता. त्याला फोन नव्हता, त्याचं कुणी माणूस नव्हतं, तो भट्टी बिघडेपर्यंत बोलणारच नव्हता. मला त्याची आठवण झाली का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की उत्तर झिजून गेलंय. झाली होती. नक्की झाली होती. चहा आला, बिस्किटं आली, मी बशी हातात घेतली तेव्हा मनात आलं, पाचवा बाहेर असेल. आणि त्याच्या पाठोपाठ मनात आलं, आता लॉक काढला तर चित्र अडकेल. मी बिस्किट खाल्लं.

तीन नंबरची भट्टी दोनच्या सुमाराला तापायला लागली असणार. पाचवा पाहुणा पडवीत होता. तो आत आला, तापमान वाचलं, बेल वाजवली आणि त्याच्या मते जी वेळ होती ती छापली. दोन दहा. तेव्हा जगातल्या सगळ्या घड्याळांत दोन बत्तीस झाले होते. आधीच्या तीन दिवसांची दोन मिनिटं आणि त्या दुपारची वीस. झिपरू बेल ऐकून धावला. जोडीदार पाणी प्यायला गेला होता, हा एकटाच. दोन मिनिटांत तो शिडी चढून वर पोचला आणि त्याने गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. दुसरा कुणी असता तर बाहेरच्या दाराकडे पळाला असता, आणि त्याला कुणी दोषही दिला नसता. दोन चौतीसला व्हॉल्व्ह उघडल्याची नोंद सुपरवायझरने भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे केली, कारण त्याच क्षणी झाकणाच्या फटीतून वाफ सुटली आणि तो किंकाळी ऐकून बाहेर आला होता. भट्टी वाचली. शेड वाचली. शेडमधले चौदा जण वाचले. झिपरूचा चेहरा त्या फटीसमोर होता.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. एका बाजूला छापलेली ओळ, दोन दहा. दुसऱ्या बाजूला सुपरवायझरचं रजिस्टर, दोन चौतीस. मध्ये चोवीस मिनिटं, आणि त्या चोवीस मिनिटांच्या पलीकडे खुर्चीवर, डोळ्यांना पट्ट्या बांधलेला झिपरू. दळवींनी चारदा विचारलं, “बेल दोन दहाला वाजली. तू वर गेलास दोन चौतीसला. मधल्या वेळात काय करत होतास?” तो चारदा म्हणाला, “बेल वाजली तसा धावलो, साहेब.” “मग चोवीस मिनिटं कुठे गेली?” “माझ्याजवल घड्याल नाय, साहेब.” सुपरवायझर पुटपुटला, “खाना खाके सो गया होगा, और क्या.” ‘झोपला होता’ हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा तेव्हा आला, आणि सगळ्यांना इतका सोयीचा वाटला की लगेच खुर्ची ओढून बसला. मला एकच प्रश्न विचारला गेला. “सावे, यंत्राने इशारा किती वाजता दिला?” माझ्या हातात कागद होता. मी म्हणालो, “कागदावर दोन दहा आहे.” इतकंच. यातला एकही शब्द खोटा नाही. मी नंतर ते वाक्य पुन्हा पुन्हा तपासलं, वकिलासारखं तपासलं, खोटं कुठे सापडत नाही. झिपरूने पट्टी बांधलेलं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेने वळवलं होतं. कामावर झोपल्याबद्दल त्याला काढलं. उपचाराचा खर्च माणुसकीच्या नात्याने कारखान्याने केला, असं फलकावर लागलं.

खरी गोष्ट एकाच ठिकाणी होती. यजमान स्वतःची रोजनिशी ठेवतो, कोण कधी आत, कोण कधी बाहेर, कुणी कुठला हुकूम दिला. ती टेपवर जाते आणि सहा आठवड्यांनी तीच टेप पुन्हा वापरली जाते, जुनं पुसून. ही पद्धतसुद्धा माझीच. त्या गुरुवारच्या टेपची पाळी सोमवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी, ऑपरेटर गेल्यावर, मी तिच्यावरून अकरा पानं छापून घेतली. पहिल्याच पानावर एक अडतीसचा हुकूम, माझ्या नावासकट. यंत्राला लाज नसते, त्याने स्वच्छ छापलं. घरी आलो आणि जयवंतीला सांगितलं. माझ्या बायकोला यंत्रातलं काही कळत नाही, असं मी चौदा वर्षं समजत आलोय. ती भाकऱ्या थापत होती. मी पाट, पडवी, पाहुणे सगळं सांगितलं, सोमवारची चावी सांगितली. लॉक सांगताना जरा अडखळलो. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “अहो, पण सोमवारीच का? रोज सकाळी का नाही लावायचात?” मी म्हणालो, “पद्धत होती.” तिने पुढची भाकरी थापायला घेतली. रोज सकाळी लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते सुचायला मला कुणाचे तरी डोळे जावे लागले, आणि तरीही सुचलं नाहीच, भाकरी थापणाऱ्या बाईला सुचलं. ते तरी कशाला? रोज लावलं असतं तरी त्या दुपारची वीस मिनिटं गेलीच असती. मी पुन्हा वाट काढत होतो. असं बारीकसारीक सापडलं की मला बरं वाटतं, मग तासाभराने ते बरं वाटणं आठवून शिसारी येते. चौकशी झाल्यापासून डोक्यात हेच चाललंय. काही विचार पुरा होत नाही. दळवी आत येतात, मुलाची फी आत येते, मंगला येते, झिपरूची पट्टी येते, एकाला बसवेपर्यंत दुसऱ्याला उठवावं लागतं, आणि मी दिवसभर दमून जातो, एक घासही न खाता.

“जवारची गाडी साडेचारला हाय म्हनतो,” असं म्हणत एक बाई चौकशीच्या खिडकीकडून आली आणि झिपरूच्या दुसऱ्या बाजूला बसली. किरकोळ, काळी, कासोटा घातलेली, हातात औषधांची पुडी. जिवली, त्याची बायको. इस्पितळाबाहेर तिला एकदा लांबून पाहिलं होतं. तिने पदराच्या टोकाने त्याच्या कपड्याखालून आलेलं पाणी टिपलं. तो तिला सांगत होता, वाडीतल्या आंब्याखाली बसून दोऱ्या वळता येतील, दोऱ्यांना डोळे लागत नाहीत. ती म्हणत होती, “हां, वल.” दोघं इतकं साधं बोलत होते की मला वाटलं, आता सांगून टाकावं. वकिलाचा जिना नको, टेप नको, इथेच सांगावं, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे. नोकरी जाईल, जाऊ दे. क्वार्टर जाईल, चिंचणीला वाडी आहे. मी हे सगळं खरंच ठरवलं. बरं वाटत होतं, कित्येक दिवसांनी. पिशवीत हात घातला तर आधी स्टीलचा डबा लागला. मग कागद.

“झिपरू,” मी म्हणालो.

त्याने मान झटकन वळवली. या वेळी बरोबर माझ्या तोंडासमोर. “तुमी ते कागदवाले साहेब ना?” तो म्हणाला. “आवाज वलकला मी. जिवले, हे कागदवाले साहेब.” आणि त्याने हात जोडले. हवेत, मी होतो त्याच्या जरासं वर. “तुमचं लय उपकार झाले, साहेब.”

“उपकार कसले?”

“तुमी खरं सांगितलात. मी उगाच भांडत व्हतो, धावलो धावलो म्हनून. दवाखान्यात पडल्या पडल्या रोज तोच इचार. बेल वाजली, मी धावलो, मंग चोवीस मिन्टं गेली कुटं? डोकं फुटायची पाली आली. येडा व्हतो का काय, असं वाटायचं. जिवलीला इचारा.” जिवलीने मान हलवली. “मंग एक दिवस आठावलं. मी झोपलो व्हतो.”

“नाही,” मी म्हणालो.

“व्हय, साहेब. आता सगलं आठावतं. जेवलो, भिताडाला टेकलो, गार वाटलं. सपान पन आठावतं. नागलीच्या शेतात व्हतो आनि दुरून कुनी तरी घंटा वाजवीत व्हतं. म्यां म्हटलं, शालंची असंल. ती बेलच व्हती बघा! मी आयकली, पन सपनात आयकली.” तो हसला, दात दिसले. “तेवा कुटं जीवाला निवांत वाटलं. चूक कुटं झाली ते कललं म्हंजे मानूस झोपतो. आता मी रोज झोपतो, साहेब.”

 भिंत खरी होती, तिला टेकून ते जेवतात हे मी पाहिलं होतं. बाकीचं त्याने कुठून आणलं? त्या चोवीस मिनिटांची रिकामी जागा त्याला सोसवली नाही, म्हणून त्याने स्वतः शेत पेरलं, घंटा बांधली. माझ्या एका वाक्यासाठी या माणसाने स्वतःची आठवण उठवून बाहेर पाठवली होती आणि तिच्या जागी ही रचलेली बसवली होती.  मी कागद बाहेर काढले आणि उघडले, आंधळ्यासमोर. “झिपरू, ऐक. तू झोपला नव्हतास. आमच्या यंत्राचं घड्याळ मागे पडलं होतं. बेल दोन दहाला वाजलीच नाही, दोन बत्तीसला वाजली. तू लगेच धावलास. तू बरोबर होतास.”

“यंत्र कसं झोपंल, साहेब?” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “मानूस झोपतो.”

“झोपलं होतं. ते बंद पडलं होतं. वीस मिनिटं.”

त्याचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. गुडघ्यांवरचे हात उचलले गेले आणि पुन्हा टेकले.  मी त्याच्या चेहऱ्यावर ती थरथर पाहिली, तीच, डिस्कच्या कपाटाची, शेत आत येतंय, शेत बाहेर जातंय, शिडी आत येतेय. जिवलीने त्याच्या दंडाला धरलं. “काय हो, साहेब,” ती घाबरून म्हणाली, “आता कुटं तो जेवाया लागला.” तो पुढे सरकला, बाकाच्या अगदी कडेला, आणि हाताने माझं मनगट शोधून धरलं. “मी झोपलो नव्हतो?”

“नाही.”

“मी धावलो?”

“हो.”

“मंग साहेब,” तो अगदी हळू म्हणाला, जणू हे तिसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये, “मंग माजे डोले कशानं गेले?”

एकच शब्द सांगायचा होता. माझ्यामुळे. मराठीत याहून सोपा शब्द नाही, आणि तो तोंडाशी आला होता, मी शपथेवर सांगतो. कोळीण पाटी उचलून बघत होती. रस्त्यापलीकडे राऊत वकिलांच्या खिडकीत पंखा फिरत होता. माझ्या मनगटावर त्याची बोटं भाजलेल्या कातडीची, खरखरीत, आणि ती घट्ट होत गेली. मला त्या बोटांची भीती वाटली, दळवींची नाही, नोकरीची नाही, या पाच बोटांची. मी शब्द उच्चारला तर ती मला कधीच सोडणार नाहीत असं वाटलं. पुढचं सबंध आयुष्य हा माणूस रोज जागा राहणार, आंब्याखाली बसून दोऱ्या वळता वळता, आणि कुणावर तरी दात खात राहणार. मी स्वतःला सांगितलं की हे त्याच्यासाठी आहे. इतक्या भरभर सांगितलं की मला त्यातलं खोटं ऐकू आलंच नाही.

“झोपला होतास तू, झिपरू,” मी म्हणालो. “माझाच काहीतरी घोटाळा झाला. कागदावर दोन दहाच आहे.”

त्याने मोठा श्वास सोडला. बोटं सैल झाली. “तेच म्हनतो मी,” तो म्हणाला, “उगा घाबरवलंत.” आणि मागे टेकून बसला. चेहरा पुन्हा निवांत झाला, हसू परत आलं. मी इतका सुटलो, इतका हलका झालो, की डोळ्यांत पाणी आलं. हे मी लिहून ठेवतोय कारण त्याहून नीच गोष्ट मी कधी केलेली नाही. सुटल्याचा आनंद झाला मला. साडेचारची गाडी येऊन लागली तेव्हा मीच त्याला दंडाला धरून पायऱ्या चढवल्या, दोघांना खिडकीजवळचं बाक बघून दिलं, जिवलीची पुडी वर दिली. “बरं झालं, साहेब,” तो म्हणाला, “तुमची भेट झाली.” जिवली खिडकीशी बसली. तिने पुडी मांडीवर ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. माझ्या हातात अजून ती अकरा पानं उघडीच होती. तिची नजर पानांवर गेली, मग माझ्या तोंडावर, मग शेजारी हसत बसलेल्या नवऱ्यावर, आणि तिने हाताने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तिला सगळं कळलं होतं. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिने त्याला काही सांगितलं नाही.